एका कान्याचा खटला

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की सगळ्यांत आधी डोळ्यांपुढे येतं ते माझ्या आधीच्या ठाणेदाराला मिळालेलं प्रमोशन. आम्ही दोघं एकाच वेळी भरती झालो, एकाच मैदानावर घाम गाळला. तो दिसायला देखणा, बोलायला गोड, आणि वरिष्ठ समोर आले की त्याची टाच माझ्याआधी वाजायची. एका खुनाचा छडा त्यानं झटपट लावला म्हणून त्याला सर्कल इन्स्पेक्टर करून गोंदियाला नेलं आणि त्याच्या रिकाम्या खुर्चीत मला बसवलं. मी स्वभावानं जळकुकडा माणूस आहे. माझी बायको हे चारचौघांत सांगते आणि मी नाकारत नाही. पोलिसाच्या नोकरीत हा स्वभाव मला पुष्कळ कामाला आला, एवढंच माझं म्हणणं असतं, पण ते तिला पटत नाही.

आमचं ठाणं दरेकशाच्या बाजूला, डोंगर आणि जंगल लागून असलेलं. गोंदिया जिल्हा तेव्हा नव्हता. हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यात, आणि भंडारा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात. चार्ज घेताना मी रीतीप्रमाणे बंदुका, बेड्या, मालखान्यातल्या वस्तू तपासून घेतल्या. मग त्या गाजलेल्या केसचे कागद मागवले. न्यायाची चाड म्हणून मागवले असं लिहिलं तर ते खोटं होईल. एवढी शाबासकी मिळावी असं त्यात होतं तरी काय, हे मला बघायचं होतं.

केस अशी होती. पंचावन्नच्या दिवाळीनंतर तिथल्या एका गावात मंडई भरली. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी संपली की गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात आणि दंडार होते. दंडार म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य. त्यात बाईचं सोंग घेऊन नाचणाऱ्या पुरुषाला नाच्या म्हणतात. दंडार कशीही असो, नाच्या चांगला असला तर माणूस दोन गावं ओलांडून येतो. त्या गावचा नाच्या नवा होता, विशी नुकती ओलांडलेला. त्याच्याआधी पुष्कळ वर्षं जो नाचायचा, त्याचं वय झालं म्हणून त्याला बाजूला करून टाळ धरायला उभं केलं होतं.

पहिल्या रात्री दंडार झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी सारं गाव बाजारात असताना खळ्याजवळची झोपडी पेटली. दंडारीच्या कपड्यांची लाकडी पेटी तिथं ठेवलेली होती आणि रात्रभर नाचून दमलेला नाच्या आत झोपला होता. दाराची कडी बाहेरून लावलेली सापडली. पोरगा आतच गेला, पेटीची राख झाली.

माझ्या देखण्या मित्रानं संशयित शोधायला फार लांब जाणं पसंत केलं नाही. जुन्या नाच्याला उचललं. दंडारीतल्या ढोलकीवाल्यानं साक्ष दिली, की त्यानं जुन्या नाच्याला झोपडीकडून येताना पाहिलं. दंडाधिकाऱ्यापुढे उभं केल्यावर जुन्या नाच्यानं स्वतःच कबुली दिली. तिथल्या कारकुनानं ती मराठीत लिहून घेतली, वाचून दाखवली, आणि यानं अंगठा दिला. त्यातलं मुख्य वाक्य असं होतं: 'तो नाचून राहिला होता, लोक टाळ्या देऊन राहिले होते, मी जाळून राहिलो होतो. मी पापी आहो.' कबुली आहे, साक्षीदार आहे, हेवादावा तर साऱ्या गावाला माहीत. सत्र न्यायालयानं फाशी सुनावली.

सत्र न्यायालयाची फाशी हायकोर्टानं कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. आमचं हायकोर्ट म्हणजे नागपूरचं. माझे आजोबा त्याला मरेपर्यंत जेसी कोर्ट म्हणत, कारण त्यांच्या काळात तिथं ज्युडिशियल कमिशनर नावाचा गोरा साहेब बसायचा. छत्तीस साली विलायतेच्या राजाची सनद आली आणि त्याचं हायकोर्ट झालं. पुढे घुमटाची दगडी इमारत उभी राहिली. बुलढाण्यापासून रायपूर-जबलपूरपर्यंतचे पक्षकार फडक्यात भाकरी बांधून तिच्या पायऱ्यांवर बसायचे. इंग्रज गेले तरी कोर्ट तेच, टोप्या घातलेले चपराशी तेच. आमच्या खेड्यात दोन भाऊ बांधावरून भांडले की एकजण हटकून म्हणायचा, 'नागपूरले नेतो तुले.' त्या धमकीत वजन होतं.

छप्पनच्या नोव्हेंबरात राज्यांची फोड झाली. आम्ही मुंबई राज्यात गेलो. मध्य प्रदेशचं हायकोर्ट जबलपूरला बसलं आणि नागपूरला उरलं ते मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ. इमारत तीच, पण मालकी दुसऱ्याची. कपाटं उघडून जिल्ह्याप्रमाणे फायली वेगळ्या झाल्या. बालाघाटच्या एकीकडे, भंडाऱ्याच्या दुसरीकडे. काही न्यायमूर्ती जबलपूरला गेले, काही मुंबईहून यायला लागले. मुंबईवाल्यांना आयतं ताट वाढून मिळालं असं आमच्यापैकी पुष्कळांना वाटायचं आणि मी त्यात पुढे होतो. जुन्या नाच्याची फाशी कायम करायची की नाही, हे आता या नव्या खंडपीठापुढे ठरायचं होतं. तो तुरुंगात वाट पाहत होता.

दिवाळी आणि राज्यबदल त्या साली एकमेकांना लागूनच आले. गावात पुन्हा मंडई भरली. तिच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी रोजनामचा लिहून घेत होतो, तेवढ्यात एक बाई थेट आत आली. जुन्या नाच्याची बायको.

"ठाणेदार तुमीच का?"

"हो. काय काम आहे?"

"माह्या मानसाले तुमी लोकं फासी देऊन रायले. मी बोलू का वापस जाऊ?"

मी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"हिरवं लुगडं पेटीत जरलं म्हनते ना? मंग काल मंडईत ते ढोलकीवाल्याच्या बायकोच्या आंगावर कसं?"

इथे एक रीत सांगायला हवी. नाच्याकडे स्वतःची भारी लुगडी कुठून असणार? गावातल्या बायकाच आपलं ठेवणीतलं लुगडं मंडईपुरतं त्याला नेसायला देतात. आपलं लुगडं मांडवात नाचलं याचा त्या बाईला मान वाटतो. हे हिरवं लुगडं ढोलकीवाल्याच्या बायकोचं, तिच्या लग्नातलं. जुना नाच्या नाचायचा तेव्हा तो तेच नेसायचा, नंतर नव्याकडे गेलं. पंचनाम्यात पेटीतले सारे कपडे जळाले अशी नोंद होती.

"एकासारखी दोन लुगडी असू शकतात, बाई."

"असतीन. पन याचा पदर माहा मानूस नाचताना फाटला होता. मीच शिवला, पिवऱ्या दोऱ्यानं. हिरवा दोरा नोता घरी." ती थोडी थांबली. "आन खरं सांगू का साहेब, तिच्या लगनापासून माहा डोरा होता त्या लुगड्यावर. मले दुरून बी ओरखता येते."

ती नवऱ्यासाठी आली होती हे उघड होतं. पण माझा विश्वास बसला तो तिच्या शेवटच्या वाक्यामुळे. नवऱ्याच्या प्रेमापोटी बाई खोटं बोलेल, मी असे कित्येक प्रसंग पाहिले आहेत. दुसरीच्या अंगावरचं लुगडं वर्षानुवर्षं मनात धरून बसलेली बाई ते ओळखण्यात चुकणार नाही. शेजाऱ्याच्या सायकलला कोणत्या बाजूला पोचे आले आहेत, हे शेजाऱ्यापेक्षा मला जास्त माहीत असतं. त्याच न्यायानं मी पंच घेतले आणि निघालो.

ढोलकीवाला घरी नव्हता. त्याची बायको भात पाखडत होती. लुगडं मागितल्यावर तिनं दोरीवरून काढून माझ्या हातात दिलं. पदराला पिवळ्या दोऱ्याची शिवण होती.

"मंडईचं लुगडं तुझ्याकडे परत कधी आलं?"

"गेल्या सालीच. दुसऱ्या दिवशी, दुपारी. यायनंच आनून देल्लं. नाच्यानं वापस केलं म्हने. नेसू नको म्हनत होते, पन मी म्हनली, लगनातलं लुगडं का पेटीत कुजवाले ठेवू?"

तिला यात वावगं काही दिसत नव्हतं. मला दिसत होतं. त्या रात्री दंडारीचा दुसरा खेळ व्हायचा होता. रात्री नाचायचं असताना कोणता नाच्या दुपारीच लुगडं परत करील?

ढोलकीवाल्याला ठाण्यात आणला. माझ्या हेड कॉन्स्टेबलला वाटलं, आता साहेब आवाज चढवतील. मी चहा मागवला. माझं मत असं, की चोराला भीती दाखवावी, खोटारड्याला कागद दाखवावा, पण मत्सरी माणसाला यांतलं काही लागत नाही. त्याच्यापुढे दुसऱ्याचं कौतुक करावं आणि गप्प बसावं. हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेलं नाही. मी घरचाच अभ्यासक आहे.

"गेलेल्या पोराचा नाच तू जवळून पाहिला असशील," मी म्हणालो. "असा नाच्या पुन्हा होणं कठीण, असं सगळे म्हणतात."

हेड कॉन्स्टेबल गोंदियाचा, हिंदी बोलणारा. त्याला इशारा पुरला. "क्या चाल थी साहब उसकी. हमने एक बार देखा था, आज तक आँख में है."

ढोलकीवाल्यानं कप खाली ठेवला. "ढोलकी कोन वाजवत होता? माह्या हातावर तो नाचे."

"पण बघायचे तर सगळे त्यालाच ना," मी म्हणालो. "तुझी बायको म्हणे सगळ्यांत पुढे बसायची. बाईलासुद्धा अशी चाल जमत नाही, असं म्हणायची."

त्याची मान ताठ झाली. "चाल! कायची चाल? लुगडं कोनाचं होतं? माह्या बायकोचं लुगडं नेसून माह्याच बायकोकडे पाहे आन गालात हासे. आन बायको बी हासे. म्हून काढून घेतलं मी."

"कुठून काढलंस?"

"पेटीतून."

"कधी?"

आता त्याच्या लक्षात आलं. तो हेड कॉन्स्टेबलकडे बघायला लागला. मी कपात आणखी चहा ओतला आणि पुढचं विचारलं.

"तेव्हा पोरगा कुठे होता?"

"निजून रायला होता." कप दूर सरकवून तो म्हणाला, "निजल्यावर बी त्याच्या पायात घुंगरू होते, साहेब. सोडले बी नोते. मले ते पाहवलं नाई."

कडी त्यानंच लावली होती. पेटलेली काडीही त्याचीच. लुगडं मात्र त्याला जाळवलं नाही, कारण ते त्याच्या घरचं होतं, आणि सगळं भांडण त्या 'माझं'वरूनच होतं. दुसऱ्याच दिवशी मी त्याला दंडाधिकाऱ्यापुढे पाठवलं आणि त्याचं बयान होईस्तोवर मी आणि माझे शिपाई आवाराबाहेर थांबलो.

काम फत्ते झालं असं वाटून मी वरिष्ठांकडे अहवाल पाठवला. माझ्या देखण्या मित्राला बातमी पोचली तेव्हा त्यानं निरोप धाडला की तू माझ्या केसची वाट लावलीस. तो निरोप मी दोनदा वाचला, इतका मला गोड लागला.

गोडी नागपूरला जाईपर्यंतच टिकली. सरकारी वकिलांनी सारं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "ठाणेदार, तुम्ही दुसरा आरोपी आणलात. पहिला सुटला असं कोण म्हणतं? त्याची कबुली जिथल्या तिथे आहे. एका आगीच्या दोन कबुल्या म्हणजे दोघांनी मिळून लावली असाच अर्थ निघतो. एकानं कडी लावली, दुसऱ्यानं जाळलं."

मी ज्याला वाचवायला आलो, त्याला जोडीदार मिळवून दिला होता. बाहेर पायरीवर त्याची बायको बसली होती. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मी तिला ओलांडून पायऱ्या उतरलो.

सुनावणीला दोन न्यायमूर्ती. एक आमच्या जुन्या नागपूर कोर्टातले, केस पिकलेले. दुसरे मुंबईहून आलेले, तरुण, मराठी पुणेरी वळणाची. त्यांना बघून माझ्या कपाळाला आठी पडली. यांना आमच्या झाडीपट्टीतलं काय कळणार, असं मी शेजारच्या शिपायाला म्हणालोसुद्धा.

सरकारी वकिलांनी कबुली वाचली. इंग्रजी तर्जुमा होता, तो वाचला. मुंबईच्या न्यायमूर्तींनी मूळ मराठी कागद मागवला आणि बराच वेळ बघत राहिले.

"'मी जाळून राहिलो होतो,'" ते मराठीत म्हणाले. "जाळल्यानंतर हा तिथेच राहिला की काय? मग गावानं धावत आल्यावर याला पाहिलं कसं नाही?"

मागच्या बाकांवर वकील हसले. मलाही हसू आलं आणि फार बरं वाटलं. आरोपीला सरकारनं नेमून दिलेले म्हातारे वकील उठले. "मायलॉर्ड, आमच्याकडे राहिलो म्हणजे मुक्काम केला असं नव्हे. जेवून राहिलो म्हणजे जेवतो आहे."

"अच्छा. म्हणजे जाळत होतो."

"होय."

न्यायमूर्ती हसले नाहीत. त्यांनी सगळं वाक्य पहिल्यापासून वाचलं. "तो नाचत होता, लोक टाळ्या देत होते, आणि मी जाळत होतो. तिन्ही गोष्टी एकाच वेळी चालू." त्यांनी सरकारी वकिलांकडे पाहिलं. "मग झोपडीत कोण जळालं? मेलेला माणूस तर मांडवात नाचत होता ना?"

इतकी वर्षं 'राहिलो' ऐकत आलेले आम्ही सगळे त्या वाक्यावरून सपाट्यानं पुढे गेलो होतो. ज्याला ते कळलं नाही तो थांबला, आणि थांबला म्हणून त्याला दिसलं.

पिकल्या केसांचे न्यायमूर्ती पुढे वाकले. "तपास अधिकारी आहेत का?"

मी उठून उभा राहिलो.

"तुमच्या भागातला शेतकरी 'जळून' हा शब्द कसा उच्चारतो?"

"जरून, मायलॉर्ड. तिकडे ळ नाही. ळ आला की ते र म्हणतात."

"आणि 'जाळून'?"

"जारून."

"आणि एखाद्याचा हेवा वाटत असेल, तर तो माणूस काय म्हणेल?"

"'जरून रायलो,' मायलॉर्ड."

ते मागे टेकून बसले. कारकून बाहेरगावचा. त्यानं 'जरून' ऐकलं, आणि र काढून आपला शुद्ध ळ घातला. खटला आगीचा, म्हणून 'ज'ला एक काना आपोआप लागला. 'जळून' लिहिलं असतं तर तो एका म्हातारा होत चाललेल्या नाच्याचा हेवा होता. 'जाळून' लिहिलं आणि त्याची फाशी झाली.

जुना नाच्या निर्दोष सुटला. ढोलकीवाल्यावर वेगळा खटला चालून त्याला जन्मठेप झाली. निकालपत्रात माझ्या लुगड्याचा उल्लेख नव्हता, माझाही नव्हता. वकिलांच्या खोलीत कित्येक दिवस चर्चा होती ती मुंबईच्या न्यायमूर्तींनी विचारलेल्या त्या प्रश्नाची. कबुलीतलं ते वाक्य मी ठाण्यात बसून कितीदा वाचलं होतं. लुगडं मी शोधलं, गुन्हेगार मी बोलता केला, आणि वाहवा त्यांची झाली. आजही कोणी त्या खंडपीठाची तारीफ केली की मी विषय बदलतो.

तुरुंगातून सुटका झाली त्या दिवशी मी परतत होतो, म्हणून गोंदियाच्या गाडीत आम्ही तिघं एकाच डब्यात बसलो. तो खिडकीपाशी, त्याची बायको त्याला चिकटून, मी समोर. बायकोनं पोह्यांची पुरचुंडी सोडली. त्याचे हात अजून नाजूक होते, घास घेतानाही बोटं बाईसारखी वळत होती. भंडारा रोड स्टेशन मागे पडल्यावर मी त्याला विचारलं.

"तुझं बयान तुला वाचून दाखवलं होतं. त्यात 'जाळून' आलं, ते तुला ऐकू आलं नाही?"

"आलं ना साहेब."

"मग बोलला का नाहीस? अंगठा काऊन दिलास?"

तो बाहेर बघत होता. त्याच्या बायकोनं पोह्यांतला हात काढून घेतला.

"झोपडी जरली, पोरगा आतमधी गेला, असं लोकं वरडत आले तवा मी बाजारात होतो," तो म्हणाला. "आयकलं, आन पयले मले बरं वाटलं, साहेब. एक घडी. आता मलेच नाचाले सांगतीन, असं मनात आलं. मंग रडाले आलं, पन पयले बरं वाटलं. तो बाबू वाचून रायला होता तवा हेच डोस्क्यात होतं. त्यानं जरून लिवलं का जारून लिवलं, मले फरक नाई वाटला."

बायकोनं मान खाली घातली. त्यानंतरच्या सगळ्या नोकरीत माझ्यापुढे कोणी कबुली द्यायला बसलं की मी लेखणी बाजूला ठेवून आधी एवढंच विचारत असे, की बाबा, तू नेमकं कशाची कबुली देतो आहेस.